संगणक विकत घेतला, मालकी कोणाची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात अर्थशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



अर्थशास्त्र शिकवण्यात ज्याची हयात गेली त्याने अभ्यासवर्गात महागाईवर, शेतमालाच्या भावांवर किंवा अंदाजपत्रकावर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. आज मी संगणकावर बोलणार आहे, आणि तेही संगणकयुगात मानवाचे भवितव्य काय अशा भव्य विषयावर बोलणार नाही. रॅम किती असावी, जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवावी की नाही, विंडोज बरे की लिनक्स, मराठी कशात टंकावे, अशा ज्या बाबींवर संगणकाचे हौशी लोक तासन् तास वाद घालतात त्याच बाबींवर बोलणार आहे. गेली पस्तीस वर्षे मी त्या हौशी मंडळींपैकी एक आहे. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन यंत्र उघडण्याचा नाद मला नोकरीत असताना लागला आणि निवृत्तीनंतर तो वाढला. या नादातून बनलेली मते मी आपल्यापुढे ठेवतो आहे याचे कारण एवढेच, की त्यांच्या तळाशी आपल्या चळवळीच्या चांगल्या ओळखीचा असा एक जुना प्रश्न आहे. साधनांची मालकी कोणाकडे, हा तो प्रश्न होय.

हुकमाने होणारी झीज

प्रारंभ जुन्या यंत्रापासून करू. मायक्रोसॉफ्ट या अमेरिकन कंपनीने २०१५ साली विंडोज १० ही प्रणाली बाजारात आणली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिची देखभाल थांबवली. त्या दिवशी संगणक बंद पडले असे नाही; ते चालूच राहिले. परंतु प्रणालीत नव्याने सापडणारी सुरक्षेची छिद्रे बुजवण्याचे नेहमीचे काम थांबले, आणि इंटरनेटला जोडलेले यंत्र अशा स्थितीत फार काळ वापरणे शहाणपणाचे नसते. बरे, विंडोज ११ घ्यावे म्हटले, तर कंपनीच्या नियमाप्रमाणे त्यासाठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि साधारणपणे २०१७ च्या उत्तरार्धानंतर आलेला प्रोसेसर लागतो. एखाद्या शाळेने २०१६ साली घेतलेले यंत्र, त्याचा प्रत्येक भाग धडधाकट असताना, अशा रीतीने बाद ठरले.

मार्क्सने 'भांडवल' ग्रंथात यंत्राच्या झिजेचे दोन प्रकार सांगितले आहेत. पहिली झीज भौतिक: यंत्र वापरल्याने झिजते, न वापरल्याने गंजते. दुसरी झीज मूल्याची: अधिक चांगले किंवा अधिक स्वस्त यंत्र बाजारात आले की जुन्याची किंमत उतरते. आज आपण पाहतो आहोत ती झीज या दोहोंत बसत नाही. यंत्र झिजलेले नाही, आणि ज्या कामासाठी ते घेतले ते काम ते पूर्वीइतकेच करू शकते. पत्रे लिहिणे, हिशेब ठेवणे, सातबाराचा उतारा काढणे, यांसाठी लागणारी शक्ती दहा वर्षांत फारशी वाढलेली नाही. तरीही ते निकामी ठरते, कारण त्याची चावी ज्याच्या हाती आहे त्याने तसे ठरवले. ही हुकमाने होणारी झीज आहे. टीपीएममुळे सुरक्षा वाढते हे मला मान्य आहे. प्रश्न असा आहे की त्या वाढीव सुरक्षेसाठी चांगले यंत्र मोडीत काढायचे की नाही, हे विकत घेणाऱ्याने ठरवावे की विकणाऱ्याने?

हुकूम अटळ असतो असेही नाही. कंपनीने सामान्य ग्राहकांसाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्यांची एक वर्षाची मुदतवाढ दिली. मात्र त्यासाठी पैसे भरावेत किंवा आपल्या यंत्रातील मांडणीची प्रत कंपनीच्या साठवणीत ठेवावी, अशा अटी घातल्या. युरोपातील ग्राहक संघटनांनी याविरुद्ध आवाज उठवला, तेव्हा तेथील देशांपुरती ही मुदतवाढ पैसे न घेता आणि प्रत ठेवण्याची अट न घालता देण्यात आली. यंत्रे तीच आणि प्रणालीही तीच. फरक ग्राहकांच्या संघटनेचा होता.

आता हौशी माणसाचा अनुभव सांगतो. जुना संगणक मंद चालतो याचे कारण बहुधा प्रोसेसर नसतो. जुन्या हार्ड डिस्कमध्ये एक चकती मिनिटाला काही हजार वेळा फिरते आणि एक सुई माहिती शोधत तिच्यावर मागेपुढे धावते. सगळे यंत्र त्या सुईची वाट पाहत बसते. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसतो. डिस्क बदलून एसएसडी बसवली, रॅम चार जीबीची आठ केली आणि लिनक्सची एखादी हलकी आवृत्ती घातली, की तेच यंत्र आणखी पाच-सहा वर्षे कार्यालयाचे काम निमूटपणे करते. मी हे अनेक यंत्रांवर केले आहे. यात करामत काही नाही. दहावी झालेला मुलगा एका दुपारी शिकू शकेल असे हे काम आहे.

ज्याला उघडता येते ते यंत्र

मुंबईतील लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यातील तपकीर गल्ली आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. दहा बाय दहाच्या गाळ्यांत बसलेले कारागीर सुटे भाग जुळवून संगणक तयार करतात, बिघडलेला दुरुस्त करतात, एकाचा काढलेला भाग दुसऱ्याला बसवतात. हा व्यवसाय उभा राहिला याचे कारण तांत्रिक होते. आयबीएमने १९८१ साली काढलेल्या पीसीची रचना अशी होती की तिला अनुसरून इतरांना भाग बनवता आले. भाग कोणाचाही असो, खाच एकच. त्यामुळे अवाढव्य कारखान्यांत बनणाऱ्या वस्तूची जुळणी आणि दुरुस्ती मात्र गल्लीबोळांत पसरली. लोहियांनी छोट्या यंत्राचा जो आग्रह धरला होता, त्याचे एक अनपेक्षित रूप या गाळ्यांत दिसते. १९२४ साली एका संभाषणात गांधीजींनी यंत्रांवरील आपल्या टीकेतून सिंगरच्या शिवणयंत्राला वगळले होते. मला वाटते, जुळवलेला संगणक त्या शिवणयंत्राचा नातलग आहे. तो एका माणसाच्या हाताखाली चालतो, आणि बिघडला तर कोपऱ्यावरच्या दुकानात नीट होतो.

ही व्यवस्था गेली काही वर्षे आतून मोडली जात आहे. ॲपल कंपनीने २०१२ साली जो नवा मॅकबुक प्रो काढला, त्यात रॅम मदरबोर्डला कायमची सोल्डर केलेली होती आणि बॅटरी डिंकाने चिकटवलेली. पुढे इतर कंपन्यांच्या अनेक सडपातळ लॅपटॉपांत हाच प्रकार आला. रॅम प्रोसेसरच्या अगदी जवळ सोल्डर केल्याने वेग वाढतो आणि वीज कमी लागते, असे उत्तर दिले जाते, आणि त्यात तथ्य आहे. परंतु त्याची किंमत कोण देतो हे पाहिले पाहिजे. आपल्याकडील माणूस वस्तू ऐपतीप्रमाणे वाढवत जातो. घर बांधताना तो आधी दोन खोल्या बांधतो आणि दोन वर्षांनी पडवी काढतो. संगणकही तो असाच घेत असे: आज चार जीबीचा, पुढे हातात पैसे आले की आठचा. सोल्डर केलेल्या यंत्रात ही सोय नाही. पुढील सात-आठ वर्षांत काय लागेल त्याचे सगळे पैसे पहिल्याच दिवशी, कंपनी सांगेल त्या दराने मोजावे लागतात. ज्याच्याकडे ते नाहीत त्याचे यंत्र लवकर अपुरे पडते. म्हणून माझे हौशी मत असे, की लॅपटॉप घेताना तो किती पातळ आहे हे पाहू नका. रॅम आणि डिस्क बदलता येते का, हे दुकानदाराला पहिल्यांदा विचारा.

रॅमचा विषय निघाला आहे तर तिच्या भावाचेही बोलू. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव जगभर भडकले. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी जी प्रचंड विदा-केंद्रे उभी राहत आहेत त्यांची स्मृतीची भूक अफाट आहे, आणि जगातील या स्मृती-चिपांचे बहुतांश उत्पादन कोरियातील सॅमसंग आणि एसके हायनिक्स व अमेरिकेतील मायक्रॉन या तीन कंपन्यांच्या हाती आहे. मोठे गिऱ्हाईक जास्त दर देते म्हटल्यावर लहान गिऱ्हाइकाकडे पाहतो कोण? डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने सामान्य ग्राहकांना रॅम व एसएसडी विकणारा आपला 'क्रुशियल' हा व्यवसाय गुंडाळत असल्याचे जाहीर केले.

याच मायक्रॉनने जून २०२३ मध्ये गुजरातेत साणंद येथे चिपांच्या जुळणी-तपासणीचा कारखाना जाहीर केला होता. प्रकल्पाचा एकूण खर्च पावणेतीन अब्ज डॉलरपर्यंत. त्यात कंपनीचा वाटा साडेब्याऐंशी कोटी डॉलरपर्यंत. उरलेल्यापैकी एकूण खर्चाच्या निम्मा भार केंद्र सरकारने आणि वीस टक्के गुजरात सरकारने उचलायचा, अशी ती योजना. म्हणजे शंभरातील सत्तर रुपये जनतेचे. इतके देऊन आपण बदल्यात काय मागितले? देशातील शाळांना, ग्रामपंचायतींना, लहान दुकानदारांना रास्त भावात रॅम मिळेल अशी एखादी अट घातली असती, तर ती अवाजवी ठरली असती काय? हा प्रश्न हौशी माणसाच्या तक्रारीतून निघतो आणि थेट अंदाजपत्रकाशी जाऊन भिडतो.

विक्रीकडून भाड्याकडे

आता सॉफ्टवेअरकडे वळू. सॉफ्टवेअर पहिल्यांदा तयार करण्यास खर्च येतो, मोठा येतो. परंतु त्याची दुसरी प्रत काढण्यास जवळजवळ काहीच येत नाही. अशा वस्तूची किंमत कशी ठरवावी हा अर्थशास्त्रातला अवघड प्रश्न आहे. बिल गेट्स यांनी फेब्रुवारी १९७६ मध्ये हौशी संगणकप्रेमींना एक उघडे पत्र लिहून, आमचे सॉफ्टवेअर पैसे न देता उतरवून घेणे ही चोरी आहे, असे बजावले होते. श्रमाचा मोबदला मिळाला पाहिजे, हा त्यातील मुद्दा आपणही नाकारणार नाही. परंतु पुढे जे घडले ते मोबदल्यापुरते राहिले नाही. आधी वस्तूऐवजी परवाना विकण्यात आला. मग परवान्याचीही विक्री थांबू लागली आणि भाडे सुरू झाले. चित्रे व मांडणीची सॉफ्टवेअरे बनवणाऱ्या ॲडोबी कंपनीने २०१३ साली जाहीर केले की यापुढील आवृत्त्या केवळ वर्गणीने मिळतील. वर्गणी थांबली की सॉफ्टवेअर थांबले. रिकार्डोने जमिनीच्या खंडाचा जो सिद्धांत मांडला तो विद्यार्थ्यांना शिकवताना मला कुळाचे उदाहरण द्यावे लागे. आता डीटीपी करणाऱ्याचे देता येईल.

भारताला हा अनुभव नवा नाही. १९६० आणि १९७० च्या दशकांत आयबीएम आपली यंत्रे येथे मुख्यतः भाड्याने देत असे. परदेशात जुनी झालेली १४०१ जातीची यंत्रे दुरुस्त करून येथे आणायची आणि त्यांचे भाडे घेत राहायचे, असा तो व्यवहार होता, मालकी कंपनीचीच. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याप्रमाणे कंपनीने आपला वाटा चाळीस टक्क्यांवर आणावा, असा आग्रह धरला गेला. जनता पक्षाच्या राजवटीत जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना तो सैल झाला नाही, आणि १९७८ साली आयबीएम देशाबाहेर गेली. त्या वेळी अनेकांनी भाकीत केले होते की आता देशातील संगणक बंद पडणार. ते बंद पडले नाहीत. कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या सार्वजनिक संस्थेतील भारतीय अभियंत्यांनी त्यांची देखभाल केली. ज्या यंत्राची माहिती आपल्या माणसांना आहे ते यंत्र मालक निघून गेला तरी चालू ठेवता येते, हा त्या वर्षाचा धडा होय.

त्याची उलट बाजू जुलै २०२५ मध्ये दिसली. नायरा एनर्जी ही मुंबईत मुख्यालय असलेली कंपनी गुजरातेत वाडिनार येथे मोठा तेलशुद्धीकरण कारखाना चालवते. तिच्यात रशियाच्या रोसनेफ्टचा सुमारे एकोणपन्नास टक्के वाटा आहे. युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध घातले, तेव्हा मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा रोखल्या. पैसे भरलेले असताना कंपनीला आपल्याच ई-मेलपर्यंत पोचता येईना. निर्बंध भारत सरकारचे नव्हते आणि भारतीय न्यायालयाचा आदेशही नव्हता. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि त्यानंतर काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. रशियन तेलाच्या राजकारणाविषयी आपले मत काहीही असो. इतक्या मोठ्या उद्योगाची दप्तरे दुसऱ्या देशात घेतलेल्या निर्णयाने एका रात्रीत कुलूपबंद होत असतील, तर एखाद्या नगरपालिकेच्या किंवा जिल्हा बँकेच्या दप्तराचे काय?

कुलूपबंद मराठी

मालकीचा हा प्रश्न आपल्या अक्षरांपर्यंत येऊन पोचलेला आहे. १९९० च्या दशकात मराठी छपाई संगणकावर आली, तेव्हा प्रत्येक कंपनीने इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे आपापल्या सोयीने बसवले. एकीचा 'क' जेथे, तेथे दुसरीचा 'ज'. मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडला आणि तो विशिष्ट फाँट नसला, की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन कचरा दिसे. वास्तविक इनस्क्रिप्ट हा कळफलक १९८६ सालीच प्रमाण ठरला होता. भारतीय लिप्यांची संकेतपद्धती १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून मान्य झाली होती. आणि त्याच वर्षी निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरी होती. सार्वजनिक प्रमाण हाताशी असताना व्यवहार मात्र खाजगी संकेतांवर चालत राहिला. परिणाम असा, की मराठी नियतकालिकांचे आणि पुस्तकांचे कित्येक वर्षांचे टंकलेखन आज फायलींच्या रूपाने पडून आहे आणि रूपांतर केल्यावाचून त्यात एक शब्दही शोधता येत नाही. हे रूपांतर करणारे कार्यक्रम आता मिळतात, पण जोडाक्षरे पुन्हा डोळ्यांखालून घालावी लागतात. मजकूर आपला, भाषा आपली, आणि वाचायला मात्र दुसऱ्याची किल्ली. म्हणून माझा आग्रह असतो की मराठी युनिकोडमध्येच टंकावे आणि इनस्क्रिप्ट शिकावे. आठ दिवस बोटे अडखळतात, पुढे सवय होते.

मुक्त म्हणजे फुकट नव्हे

याला पर्याय आहे आणि तो चाळीस वर्षांहून जुना आहे. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन प्रोग्रामरने सप्टेंबर १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. कार्यक्रम कोणत्याही कामासाठी चालवता यावा, तो कसा चालतो हे वाचता यावे, त्यात बदल करता यावा, आणि मूळ किंवा बदललेली प्रत शेजाऱ्याला देता यावी, हे त्यामागचे तत्त्व. १९९१ साली लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने लिहिलेला लिनक्सचा गाभा त्याला येऊन मिळाला. इंग्रजीत मुक्त आणि फुकट यांना एकच शब्द असल्याने तेथे पुष्कळ घोटाळा होतो. मराठीत दोन निराळे शब्द आहेत, हे आपले भाग्य. मुक्त सॉफ्टवेअरसाठी पैसे घेण्यास मनाई नाही. मनाई आहे ती दुसऱ्याचा हात बांधण्यास. सहकारी चळवळीत वाढलेल्या महाराष्ट्राला हे तत्त्व परके वाटू नये.

हे व्यवहारात चालते का, असे विचारणाऱ्याने केरळकडे पाहावे. तेथे २००१ साली शाळांसाठी 'आयटी ॲट स्कूल' हा प्रकल्प सुरू झाला आणि पुढे सरकारी व अनुदानित शाळांतील संगणक-शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर आणले गेले. शिक्षकांनाच प्रशिक्षित करून त्यांच्याकडून इतर शिक्षकांना शिकवण्यात आले, आणि लिनक्सची मल्याळममधून वापरता येणारी शालेय आवृत्ती राज्यातच तयार करण्यात आली. आपल्याकडे २००१ नंतर एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम खेडोपाडी पोचला, ही मोठीच कामगिरी. परंतु त्यात मुख्यत्वे विंडोज आणि त्याबरोबरचे ऑफिस हेच शिकवले जात आले. सरकारी नोकरीसाठी लागणारे प्रमाणपत्र एका खाजगी कंपनीच्या मालाची सवय लावत असेल, तर त्या कंपनीला जाहिरातीची गरज काय? भारत सरकारने मुक्तस्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण २०१५ मध्येच जाहीर केले आहे. सी-डॅकने बॉस ही लिनक्सची भारतीय आवृत्तीही काढली आहे. धोरण कागदावर आहे. ते मागणारे कोणी नाही.

अडचणी लपवण्यात अर्थ नाही. हिशेबासाठी टॅली वापरणाऱ्या व्यापाऱ्याला विंडोज सोडणे जड जाते. छापखान्यातील मांडणी, काही प्रिंटर आणि काही सरकारी कामांसाठी लागणारी डिजिटल सही लिनक्सवर कटकट करतात. ज्याचे पोट त्यावर आहे त्याला तत्त्वज्ञान ऐकवू नये. परंतु पत्रे, पत्रके, सभासदांच्या याद्या आणि जमाखर्च एवढेच ज्यांचे काम आहे, अशा आपल्या बहुतेक कार्यालयांना यांपैकी एकही अडचण येत नाही.

आपण काय करावे

बेकारी आणि दुष्काळ सोडून ही चैन कशाला, असे कोणी म्हणेल. विमा आणि बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी एके काळी, संगणक आला तर आमच्या नोकऱ्यांचे काय, असा प्रश्न विचारला आणि तो रास्तच होता. संगणक आला आणि राहिला. आज शेतकऱ्याची पीकविमा नोंदणी, मजुराची हजेरी आणि विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती यांचा मार्ग संगणकातूनच जातो. तेव्हा हे साधन कोणाच्या हुकमावर चालते, हा प्रश्न आता भाकरीपासून वेगळा काढता येणार नाही.

कामे साधी आहेत. प्रत्येक तालुक्यात दोन तरुणांनी जुने संगणक दुरुस्त करणे आणि लिनक्स बसवणे शिकून घ्यावे, व महिन्यातून एक दिवस कार्यालयात बसून लोकांची यंत्रे पाहावीत. स्थानिक कारागिराला त्यात बरोबर घ्यावे, त्याच्याशी स्पर्धा करू नये. पंचायत समितीत, नगरपालिकेत, शाळा समितीत आपली जी माणसे आहेत त्यांनी संगणक-खरेदीच्या प्रत्येक निविदेवर तीन प्रश्न विचारावेत: रॅम आणि डिस्क बदलता येते का, सुटे भाग किती वर्षे मिळतील, आणि आपली दप्तरे दुसऱ्या कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडतील अशा खुल्या स्वरूपात साठवली जातील का. संगणक जुने झाले म्हणून लिलावात निघत असतील, तर ते झिजलेले आहेत की कोणाच्या हुकमाने बाद झालेले आहेत, याची आधी तपासणी मागावी. आणि आपल्या चळवळीचे जे मराठी लिखाण जुन्या फाँटांत अडकून पडले आहे ते युनिकोडमध्ये आणण्याचे काम याच वर्षी हाती घ्यावे. ते टंकणारी माणसे अजून आपल्यात आहेत, तोवरच ते नीट होईल.

जमीन कसणाऱ्याच्या हाती असावी, यासाठी आपल्या आधीच्या पिढीने तुरुंगवास भोगला. आपल्याला एवढा त्याग करावा लागणार नाही. एक स्क्रू-ड्रायव्हर, थोडा अभ्यास आणि निविदा वाचण्याची चिकाटी पुरेशी आहे.